मिठाच्या तरणतलावाचा पीएच तीन दिवसांत पुन्हा ८.२ वर जातो. अल्कलिनिटी उतरतच नाही

काठावरची (वाघोली, पुणे), १८ एप्रिल

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या तरणतलावाची देखरेख कार्यकारिणीने गेल्या वर्षी माझ्याकडे सोपवली. मी पेशाने लेखापाल आहे. त्यामुळे आकडे नीट मांडू शकते, पण त्यांच्यामागचे रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले ते सुटलेच.

तलाव १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल आहे, म्हणजे पाणी साधारण १ लाख ५ हजार लिटर. पाणी चारही काठांवरून वाहून जाळीखालच्या पन्हळीत पडते आणि तिथून बॅलन्सिंग टँकमध्ये, म्हणजे ओसंडलेले पाणी साठवणाऱ्या टाकीत, जाते. आठ महिन्यांपूर्वी टाइल्सच्या दुरुस्तीसाठी तलाव पूर्ण रिकामा केला होता. त्याच वेळी क्लोरीनच्या गोळ्या बंद करून मिठावर चालणारा क्लोरिनेटर बसवला, बोअरच्या पाण्याने तलाव भरला आणि ५० किलोची सात पोती मीठ टाकले. गोळ्या होत्या तोवर पीएचची तक्रार कधीच नव्हती. आता मात्र दर शनिवारी रात्री २ लिटर ॲसिड टाकून पीएच ७.६ वर आणला, तरी मंगळवारी किटमध्ये पुन्हा ८.२ दिसतो. पाण्याच्या रेषेलगत निळ्या टाइल्सवर बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा आला आहे, तो नखाने खरवडला तर पिठासारखा सुटतो. शिवाय पाणी आत येण्याच्या तोंडाशी अधूनमधून खोबऱ्याच्या किसासारखे पांढरे पापुद्रे तरंगताना दिसतात.

थेंबांच्या किटने मी स्वतः घेतलेले आकडे असे आहेत: तलावाची एकूण अल्कलिनिटी (म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) २३०, कॅल्शियमचा कठीणपणा ३५०, मीठ ३,३०० आणि स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड २०, हे सगळे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग. बोअरचे पाणी वेगळे तपासले तर अल्कलिनिटी ३२० आणि पीएच ७.३ निघाला. मला पडलेले कोडे हेच आहे की जे पाणी जमिनीतून ७.३ ने येते, ते आमच्या तलावात कोणी काही न टाकता ८.२ कसे होते?

देखभालीच्या ठेकेदाराचे म्हणणे आहे की अर्धा तलाव उपसून पुन्हा भरावा. सभासदांपैकी काहींचे म्हणणे आहे की एवढे मीठ ओतल्यावर क्षार जमणारच, तेव्हा मुकाट्याने गोळ्यांवर परत जावे. येत्या सभेपुढे मला खर्चासह काहीतरी ठाम मांडायचे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त रसायनी (नाशिक), १९ एप्रिल

ताई, तुम्ही बोअरचे पाणी वेगळे तपासले हे फार बरे केले. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या एका आकड्यात आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण मराठीत गीझरच्या कॉइलवर बसणाऱ्या पांढऱ्या थराला क्षार म्हणतो, खारट पाण्याला क्षारयुक्त म्हणतो आणि आम्लाच्या उलट गुणालाही क्षारधर्मच म्हणतो. तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दाच्या पोटात गेल्यामुळे तुमच्या सभासदांची गल्लत झाली आहे आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. तलावातले मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ते ३,३०० पीपीएम काय, त्याच्या दसपट असले तरी विरघळूनच राहते; समुद्राच्या पाण्यात ते साधारण तितकेच असते आणि खडकांवर त्याचा चुना होत नाही. टाइल्सवरचा पट्टा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्या जातीचा आहे. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळून पाहा, बारीक फेस येईल. तो फेस सभासदांना प्रत्यक्ष दाखवलात तर मिठाचा वाद तिथेच मिटावा.

आता अल्कलिनिटी. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड, ज्याला पूर्वी आपण कर्बवायू म्हणत असू, तो सोबत घेते आणि आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकाला हळूहळू झिजवत बायकार्बोनेट विरघळवून आणते. ३२० हा आकडा दख्खनच्या बोअरला नवलाचा नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण अल्कलिनिटीची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम प्रतिलिटर दिली आहे. म्हणजे तुमचे पाणी वाईट नाही, फक्त तलावासाठी जड आहे. जमिनीखाली दाबात असलेला कर्बवायू या पाण्यात भरलेला असतो, म्हणून त्याचा पीएच ७.३. गोटीसोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होते, तेच हे पाणी उघड्यावर आल्यावर सावकाश होते: वायू निघून जातो, बायकार्बोनेट मागे राहते आणि पीएच चढतो. कोणी काही टाकावे लागत नाही. अल्कलिनिटी जितकी जास्त, तितका हा वायू जोराने सुटतो आणि पीएच तितका वर जाऊन थांबतो. माझ्या हिशेबाने २३० अल्कलिनिटीचे पाणी हवेशी पूर्ण समतोल साधेपर्यंत ८.८ च्या आसपास जाईल. तुमच्या किटमधल्या रंगपट्टीवर ८.२ हा शेवटचा चौकोन असतो, त्यामुळे मंगळवारी दिसणारा ८.२ हा खरा ८.२ आहे की त्याहून वर, हे त्या किटला सांगताच येत नाही.

तुमच्याकडे वायू बाहेर पडायला वाटाही भरपूर आहेत. काठावरून पन्हळीत पडणारे पाणी, बॅलन्सिंग टँकमध्ये कोसळणारी धार आणि क्लोरिनेटरच्या सेलमध्ये, म्हणजे जिथे विजेने मिठातून क्लोरीन निघतो तिथे, तयार होणारे हायड्रोजनचे बुडबुडे, हे सगळे मिळून तलाव दिवसभर घुसळत असतात.

सेलबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. विद्युत विघटनात क्लोरीनबरोबर कॉस्टिक सोडाही तयार होतो, म्हणून 'सेल पीएच वाढवतो' असे सर्रास सांगितले जाते. पण हाच क्लोरीन पुढे उन्हाने किंवा घाण जाळण्यात खर्च झाला की तितकेच आम्ल मागे सोडतो, आणि जमाखर्च शून्यावर येतो. मग गोळ्यांच्या काळात पीएचची तक्रार का नव्हती? कारण क्लोरीनच्या त्या टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) गोळ्या मुळातच आम्लधर्मी असतात. दिवसाला २ पीपीएम क्लोरीन गोळ्यांतून दिला तर सुमारे १.४ पीपीएम अल्कलिनिटी रोज गुपचूप खाल्ली जाते. बोअरचे पाणी तेव्हाही हेच होते, पण त्यावरचा उतारा गोळीतच मिळत होता. तुम्ही मीठ आणल्याने अल्कलिनिटी वाढली नाही, ती रोज खाणारे कोणी उरले नाही.

लेखापालांसाठी आता खरा हिशेब. तलावाचा पृष्ठभाग ८४ चौरस मीटर आहे. एप्रिलच्या उन्हात रोज ७ मिलिमीटर पाणी उडते असे धरले तर दिवसाला ५९० लिटर होतात आणि तेवढेच पाणी बॅलन्सिंग टँकचा बॉल कॉक कोणाला न विचारता बोअरमधून भरून घेतो. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, बायकार्बोनेट तलावातच राहते. या भरण्यामुळे अल्कलिनिटी रोज १.८ पीपीएम, म्हणजे आठवड्याला जवळपास १३ पीपीएम वाढते. तुमचे शनिवारचे २ लिटर ॲसिड तिच्यातून साडेनऊ काढते. उरलेली साडेतीन कुठे जाते? टाइल्सवर आणि सेलच्या पट्ट्यांवर, चुन्याच्या रूपाने. म्हणूनच तुमचा आकडा २३० च्या आसपास खिळला आहे. पाणी चुना सोडणार की खाणार हे सांगणारा लँगेलिअरचा निर्देशांक १९३६ पासून वापरात आहे. तुमच्या आकड्यांवर, पाणी २८ अंश धरून, तो अधिक १.१ येतो, अधिक ०.३ च्या पुढे थर बसू लागतात. अल्कलिनिटी ७० आणि पीएच ७.६ असता तर बाकी सगळे तसेच ठेवून तो शून्य आला असता.

अर्धा तलाव उपसून ३२० चे पाणी भरल्यास २३० ची २७५ होईल. ठेकेदाराला एवढेच विचारा की हे पाणी तो कोणत्या बोअरमधून आणणार आहे.

उपाय जुनाच आहे, फक्त धीर हवा. ॲसिड पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही उतरवते. हवा खेळवली की फक्त पीएच चढतो, अल्कलिनिटी चढत नाही. म्हणून पीएच ८.२ वरून ७.२ पर्यंत उतरवायचा, पाणी खळाळत ठेवून तो आपसूक वर येऊ द्यायचा आणि पुन्हा उतरवायचा. बाजारात मिळणारे ३० ते ३३ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक ॲसिड धरले तर १ लाख लिटर पाण्याची अल्कलिनिटी १० पीपीएमने उतरवायला सुमारे २ लिटर लागते. पहिल्या खेपेला ८.२ वरून ७.२ वर यायला तुम्हाला साधारण ५ लिटर लागतील आणि अल्कलिनिटी २३० वरून २०५ वर येईल. हे ५ लिटर एकदम न ओतता तलाव बंद झाल्यावर दोन हप्त्यांत, मध्ये दोन तास सोडून आणि पीएच मोजून टाका. पुढच्या प्रत्येक खेपेला मात्रा कमी करत जा, हे विसरू नका. अल्कलिनिटी १०० वर आल्यावरही हात ५ लिटरचाच राहिला तर पीएच ७ च्या खाली जाईल, आणि मग ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट) व हीटरचे तांबे दोन्ही खाल्ले जाईल. एकंदर नऊ-दहा खेपा, तीस-बत्तीस लिटर ॲसिड आणि रोजच्या भरण्यापुरते वेगळे, असा अंदाज ठेवा. ८० वर थांबा.

स्टॅबिलायझर २० म्हणजे फारच कमी आहे. उन्हात क्लोरीन टिकत नाही, म्हणून सेल पूर्ण क्षमतेने चालवावा लागत असणार, आणि तो जितका जास्त चालेल तितके बुडबुडे जास्त. ३ किलो सायन्युरिक ॲसिड जुन्या मोज्यात भरून पाणी आत येण्याच्या तोंडासमोर लटकवा. विरघळायला काही दिवस लागतील आणि पातळी ५० च्या जवळ जाईल. मग मोजलेल्या अल्कलिनिटीतून स्टॅबिलायझरचा तिसरा हिस्सा वजा करून वाचायची सवय लावा, कारण तेवढा भाग बायकार्बोनेटचा नसतो.

मांडवीतीर (गोवा), १९ एप्रिल

वरील उत्तर रसायनाच्या अंगाने पूर्ण आहे, मी केवळ हाताने काम करणाऱ्याच्या अनुभवाची भर घालतो. मी बारा वर्षे हॉटेलांचे तलाव सांभाळले आहेत. आमच्याकडे गणित उलटे असते. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी मऊ आणि थोडे आम्लधर्मी निघते, त्यामुळे नवा तलाव भरला की आम्ही पहिल्यांदा खाण्याच्या सोड्याची पोती उघडतो, तुम्ही ॲसिडचे कॅन उघडता. तरीही जिथे शोभेचे कारंजे दिवसभर चालू असते, तिथे पीएच चढतोच, फक्त तो संथ चढतो आणि थोडक्या ॲसिडने उतरतो. तेव्हा पाणी कुठल्या दगडातून आले, हे सेल कुठल्या कंपनीचा आहे यापेक्षा आधी विचारावे.

ॲसिडबद्दल कळकळीने सांगतो. मी पूर्वी ज्या ठिकाणी कामाला होतो तिथे ॲसिडचे आणि पातळ हायपोक्लोराइटचे, म्हणजे द्रवरूप क्लोरीनचे, कॅन एकाच कोनाड्यात, एकाच निळ्या रंगाचे ठेवलेले असत आणि दोन्हींसाठी प्लॅस्टिकचा एकच मग होता. एका पहाटे नव्या पोराने मगाच्या तळाशी राहिलेल्या हायपोवर ॲसिड ओतले. तो मग जेमतेम अर्धा भरला होता; तरी हिरवट पिवळा धूर त्याच्या छातीत गेला आणि त्याला दोन दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. तेव्हापासून माझ्याकडे ॲसिडचा मग लाल, तो साखळीने ॲसिडच्याच कॅनला बांधलेला, आणि दोन्ही कॅन वेगवेगळ्या खोल्यांत. ॲसिड पंपघरातही ठेवू नका, नुसत्या वाफेने पॅनेलमधले संपर्क हिरवे पडतात. टाकताना बादलीत आधी पाणी, मग ॲसिड. उलटे कधीच नाही. पंप चालू ठेवून, खोल बाजूला, आत येणाऱ्या धारेसमोर बारीक धारेने सोडा. चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि वारा पाठीकडून येईल असे उभे राहा.

काठावरची (वाघोली, पुणे), २१ एप्रिल

दोघांचेही मनापासून आभार. लिंबाचा प्रयोग काल संध्याकाळी काठावर जमलेल्या आठ-दहा सभासदांसमोर केला. फेस आला, आणि मिठावरचा राग निम्म्याने तरी ओसरला.

दोन शंका उरल्या आहेत. ठेकेदार आता म्हणतो की पंप बंद करून सगळे ॲसिड एकाच जागी, खांबासारखे खाली जाईल असे ओतले तर फक्त अल्कलिनिटी उतरते आणि पसरून ओतले तर फक्त पीएच उतरतो. हे खरे आहे का? दुसरे, सोसायटीत घरगुती पाण्यासाठी सॉफ्टनर बसवलेला आहे. तलावाचे रोजचे भरणे त्यातून घेतले तर अल्कलिनिटीचा प्रश्न मुळातच मिटेल, असे आमच्या खजिनदारांचे मत आहे.

निवृत्त रसायनी (नाशिक), २१ एप्रिल

खांबाची गोष्ट मी तीस वर्षांपासून ऐकतो आहे. ॲसिड कुठेही ओतले तरी सरतेशेवटी ते त्याच १ लाख ५ हजार लिटरमध्ये मिसळते, आणि मिसळल्यावर एका लिटरने किती बायकार्बोनेट संपले हा आकडा ओतण्याच्या जागेवर अवलंबून राहत नाही. एका जागी ओतल्याने एकच गोष्ट निश्चित होते: जड ॲसिड तळाशी बसून तिथल्या टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट खाते. हे कृपया करू देऊ नका.

सॉफ्टनरबाबत खजिनदारांचे अर्धे खरे आहे. त्यातली रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. बायकार्बोनेटला ती हातही लावत नाही. सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर अल्कलिनिटी मोजा, दोन्हीकडे ३२० च येईल. पण रोजच्या भरण्यातून कॅल्शियम येणे थांबेल, आणि बाष्पीभवनाने ३५० चा कठीणपणा वर्षभरात कुठच्या कुठे जातो हे पाहता तो फायदा लहान नाही. तेव्हा भरणे सॉफ्टनरमधून जरूर घ्या, फक्त त्यामुळे ॲसिड वाचेल असे सभेला सांगू नका. तलाव पहिल्यांदा भरताना मात्र सगळेच मऊ पाणी नको. कॅल्शियमचा भुकेला झालेला तलाव ती भूक ग्राउटवर भागवतो.

भरण्याची अल्कलिनिटी वेगळीच मारायची असेल तर पंपघराबाहेर १,००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी ठेवा. त्यात बोअरचे पाणी भरून सुमारे अर्धा लिटर ॲसिड घाला आणि लहान पंपाने पाणी रात्रभर वरून खाली पाडत ठेवा. सकाळी अल्कलिनिटी ५० च्या आसपास असेल. ॲसिड तितकेच लागते, पण तलावात पोहणाऱ्यांच्या अंगावर त्याचे चढउतार येत नाहीत.

वाळवंटी मराठी (फिनिक्स, ॲरिझोना), २३ एप्रिल

आमच्या परसातला तलाव लहान, ५५ हजार लिटरचा आहे, पण दुखणे हेच. इथे कोरड्या हवेत उघड्या तलावातून वर्षाला सुमारे १.८ मीटर पाणी उडते आणि नळाला येणारे नदीचे पाणी चांगलेच जड असते. त्यामुळे भरण्याच्या पाण्याचा हिशेब इथला प्रत्येक तलाववाला आज ना उद्या शिकतो.

माझी पहिली तीन वर्षे पीएच ७.२ वर धरून ठेवण्याच्या हट्टात गेली. पीएच जितका खाली ठेवाल, तितका पाण्यातला कर्बवायू जास्त आणि तितकीच त्याची बाहेर पडण्याची घाई जास्त. अल्कलिनिटी ७० वर आणल्यानंतर मी पीएच ७.८ ला पोहोचेपर्यंत हात लावत नाही आणि उतरवतो तोही ७.५ पर्यंतच. एवढ्यावर आठवडा निघतो. स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात ७.५ आणि ७.८ यांमध्ये क्लोरीनच्या ताकदीचा फरक लोक घाबरतात तितका पडत नाही. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात मात्र पडतो: तिथे ७.५ ला निम्मा क्लोरीन प्रभावी रूपात असतो आणि ८.२ ला सहावा हिस्सा.

बोरेटचाही सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. ५० पीपीएम बोरॉन असले तर पीएच खरोखर सावकाश चढतो, पण तुमच्या तलावाला त्यासाठी ३० किलो बोरिक ॲसिड लागेल. मी घरी वापरतो. सोसायटीच्या तलावात, जिथे चार वर्षांची मुले घोटभर पाणी गिळतात, मी ते टाकणार नाही.

बॉल कॉकच्या आधी पाण्याचे मीटर बसवा. बाष्पीभवन किती, हे अंदाजाने न ठरवता एक बादली तलावाच्या पाण्याने भरून पायरीवर ठेवा आणि चोवीस तासांनी बादलीतली पातळी व तलावाची पातळी पडताळा. त्या दिवसापुरता बॉल कॉक आणि पंप बंद ठेवायचा. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. गळक्या तलावाची अल्कलिनिटी सांभाळणे म्हणजे रांजणाला भोक असताना पाणी भरत राहणे.

काठावरची (वाघोली, पुणे), २ जून

सहा आठवड्यांनी हिशेब घेऊन आले आहे.

बादलीची चाचणी केली, गळती नाही. मीटरवर आठवड्याला सरासरी ४,३०० लिटरचे भरणे दिसते. रसायनी सरांच्या अंदाजाने ते ४,१०० च्या आसपास यायला हवे होते. वरचा फरक फिल्टर धुण्याचा आणि मुलांनी काठाबाहेर उडवलेल्या पाण्याचा असावा. ॲसिडच्या दहा खेपा झाल्या. पहिल्या चार खेपांत अल्कलिनिटी २३० वरून १५५ वर आली, तेव्हा उत्साहात पाचव्या खेपेला मात्रा कमी करायचे आमच्या माणसाने टाळले आणि पीएच ६.९ वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच रद्द करावी लागली, संध्याकाळी पन्हळीच्या धारेनेच तो ७.३ वर आला. त्यानंतर प्रत्येक मात्रा मी स्वतः वहीत लिहून त्याची सही घेते. काल अल्कलिनिटी ८५ होती, स्टॅबिलायझर ५०. पीएच ७.५ वरून ७.८ वर जायला आता सहा-सात दिवस लागतात. एकूण ४४ लिटर ॲसिड लागले.

सेल उघडून पाहिला. पट्ट्यांमधल्या फटी, ज्या एप्रिलमध्ये पांढऱ्या थराने जवळपास बुजल्या होत्या, त्या एकदाच पातळ ॲसिडने धुतल्यावर स्वच्छ राहिल्या आहेत आणि महिनाभर एकही पापुद्रा तरंगताना दिसलेला नाही. टाइल्सवरचा जुना पट्टा मात्र आपणहून जात नाही. तो व्हिनेगर लावून, प्लॅस्टिकच्या ब्रशने, वीतवीतभर घासून काढणे चालू आहे.

एक गोष्ट खजिनदारांना अजून पटलेली नाही. पूर्वी आठवड्याला २ लिटर ॲसिड लागत असे, आता २.७ लिटर लागते. एवढा उपद्व्याप करून ॲसिडचा खर्च वाढलाच कसा, असे ते विचारतात. मी त्यांना सांगितले की पूर्वी उरलेली रक्कम टाइल्स आणि सेल भरत होते. हे बरोबर आहे ना?

आणखी एक विचारायचे आहे. वळीव दोनदा पडून गेला आहे आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी बॅलन्सिंग टँकमध्ये वळवण्याचा विचार आहे. त्याने मिठाचे काय होईल?

निवृत्त रसायनी (नाशिक), ३ जून

अगदी बरोबर सांगितलेत. बोअरचे भरणे जेवढी अल्कलिनिटी आणील तेवढे ॲसिड लागणारच. ते कमी करायचे असेल तर भरण्याचे पाणीच बदलले पाहिजे, आणि त्यासाठी पावसाइतके स्वस्त काही नाही. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ शून्य असते. पुण्याचा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर नुसत्या तलावाच्या पृष्ठभागावरच हंगामात जवळपास ५९ हजार लिटर पडतात; गच्चीचे पाणी तर त्याच्या कितीतरी पट असेल. पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्या, गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण तलावात नको. शक्य असेल तर दोन-तीन टाक्या भरून ठेवा, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हातले काही आठवडे बोअर उघडावा लागणार नाही.

ओव्हरफ्लोतून जास्तीचे पाणी वाहून गेले की त्याबरोबर मीठ, स्टॅबिलायझर आणि कॅल्शियमही जाईल, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला मीठ मोजा. तुमच्या तलावात ५० किलोचे एक पोते सुमारे ४७५ पीपीएम चढवते. यंत्राने 'मीठ कमी' असा दिवा लावला तरी लगेच पोते फोडू नका, आधी किटने पडताळा; मळलेला सेलही तसाच दिवा लावतो. संततधार असताना मीठ भरण्यात अर्थ नाही, ते गटारात जाईल. त्या काळात हायपोक्लोराइटवर भागवा, आणि त्याचा कॅन ॲसिडच्या खोलीत ठेवू नका.